बाल्सा महागला म्हणून विमानें थांबावींत काय?

गेल्या पालकसभेंत एका सद्‌गृहस्थांनीं असा प्रश्न विचारला कीं, शाळेच्या विमानवर्गाची वर्गणी दर सहामाहीस वाढतच चालली आहे, तेव्हां हा खटाटोप बंद करून मुलांस बाजारांतील तयार विमानें कां आणून देऊं नयेत? दुसऱ्या एका गृहस्थांनीं त्यास पुस्ती जोडली कीं, शालान्त परीक्षेंत या विमानांस एकही गुण नाहीं. या दुसऱ्या आक्षेपास फारसें उत्तर देण्याचें कारण नाहीं. फुटबॉलही कांहीं गुणांसाठीं शिकवीत नाहींत, आणि तो बंद करा असें कोणी म्हणत नाहीं. पहिला आक्षेप मात्र विचार करण्याजोगा होता. तो त्या सभेंत घाईनें बाजूस सारला गेला, आणि सारणारांत प्रस्तुत लेखकही होता. त्या दिवशीं जें सांगावयास पाहिजे होतें तें येथें सांगत आहें.

वर्गणी वाढली ती बाल्साच्या लांकडामुळें. ज्या पालकांनीं आपल्या मुलाच्या दप्तरांत ती पांढुरकी, नखानें दाबली तर खळगा पडणारी पातळ फळी पाहिली असेल, त्यांस ती खऱ्या लांकडाची आहे हें एकदम पटत नाहीं. हें झाड मध्य व दक्षिण अमेरिकेंतलें. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानें आपल्या कांटेसांवरीचें नातलग. ‘बाल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा असा आहे. रानांत कोठें झाड पडून ऊन खालीं उतरलें, किंवा नदीच्या पात्रांत नवें बेट वर आलें, कीं हें झाड तेथें सर्वांच्या आधीं येतें, आणि अशा वेगानें वाढतें कीं पांचसात वर्षांतच तोडण्याजोगें होतें. जिवंत झाडाच्या पेशी पाण्यानें फुगलेल्या असतात. भट्टींत वाळविल्यावर तें पाणी निघून जातें आणि पोकळ पेशींची जाळी तेवढी शिल्लक राहते. सागवानाच्या एका घनमीटराचें वजन साडेसहाशें किलोच्या आसपास भरतें. बाल्साचें साधारण एकशेंसाठ, आणि विमानें करणारे निवडून घेतात त्या फळ्यांचें तर शंभराच्याही जवळ. इतकें हलकें असून तें लांकूड लेचेंपेचें नाहीं. १९४७ सालीं थोर हेयरदाल याने इक्वेडोरच्या रानांतून आणलेले बाल्साचे नऊ ओंडके दोरांनीं बांधून ‘कोन-टिकी’ नांवाचा तराफा केला, आणि पेरूच्या किनाऱ्यापासून निघून १०१ दिवसांनीं तो पॅसिफिकमधील पोलिनेशियाच्या बेटांस लागला. त्याच्याही आधीं, १९४० च्या नोव्हेंबरांत, इंग्लंडांत ‘मॉस्किटो’ हें लढाऊ विमान प्रथम उडालें. त्याचें अंग भूर्जाच्या पातळ पत्र्यांमध्यें बाल्सा घालून केलेलें होतें.

हा बाल्सा महागला कां? मुलांनीं केलेल्या विमानांमुळें नव्हे. जगांतील बाजारांत येणाऱ्या बाल्सापैकीं बहुतांश एकट्या इक्वेडोर देशांतून येतो, आणि त्याचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे पवनचक्क्यांचीं पातीं करणारे कारखाने. साताऱ्याकडील वनकुसवड्याच्या पठारावर ज्यांनीं पवनचक्क्या पाहिल्या असतील त्यांस त्या पात्यांच्या लांबीची कल्पना आहे. अशा प्रकारचें मोठें पातें नुसत्या कांचतंतूचें केलें तर स्वतःच्याच भारानें वाकेल. म्हणून कांचतंतू व राळ यांच्या दोन कवचांमध्यें हलक्या द्रव्याचा गाभा घालतात. हा गाभा पुष्कळ ठिकाणीं बाल्साचा असे. २०२० सालीं चीनमध्यें जमिनीवरील नव्या पवनचक्क्यांस मिळणारें सरकारी साहाय्य वर्षअखेर संपावयाचें होतें, म्हणून मुदतीपूर्वीं चक्क्या उभ्या करण्याची तेथें एकच धांदल उडाली. लागवडीचा बाल्सा पुरेना. वर्षाच्या आंत भाव दुपटीच्याही वर गेले. मग तोडणारे लोक आमेझॉनच्या रानांत, नद्यांच्या बेटांवर, आचुआर व वाओरानी या आदिवासी लोकांच्या भूमींत शिरले. झाडें तुटलीं, भांडणें झालीं, दारू आली, आणि कांहीं गांवांनीं या तोडणारांस आपल्या हद्दीबाहेर काढलें. कोळशाचा धूर टाळावा म्हणून वारा हातीं धरला, आणि त्या वाऱ्याच्या चक्कीसाठीं रान पडलें! हा दोष पवनचक्कीचा म्हणतां येणार नाहीं, घाईचा आहे.

पुढें पातीं करणारे कारखानदार शहाणे झाले. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या होतात त्याच प्लास्टिकचा फेसाळ गाभा ते वापरूं लागले, आणि बाल्साची मागणी उतरली. परंतु किरकोळ दुकानांतील भाव पूर्वीच्या जागीं उतरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांत भाडें, जकात आणि वाटेंत मोडलेल्या फळ्यांची घट मिळविली म्हणजे शाळेच्या दारीं येणारी फळी काय भावानें पडते हें ज्यांनीं वर्गणी भरली त्यांस सांगावयास नको.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गेल्या वर्षीं वर्गणी वाढविल्याची सूचना वर्गांत वाचून दाखविल्यावर आठवीचा एक विद्यार्थी विमानवर्गास येईनासा झाला. मीं विचारलें तेव्हां ‘आतां आवड राहिली नाहीं’ असें त्यानें सांगितलें, आणि मींही हजेरीपत्रकांत त्याच्या नांवापुढें ‘आवड नाहीं’ असें लिहून मोकळा झालों. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची आवड एका रात्रींत जात नसते, हें वीस वर्षें शिकविणाऱ्या माणसास कळावयास पाहिजे होतें. तीन आठवड्यांनीं घरीं सूप हवें होतें म्हणून मी बुरूड आळींत गेलों, तों त्याच मुलाच्या दारांत उभा राहिलों. तो वडिलांजवळ बसून कांबी तासत होता, आणि वर आढ्याला एक विमान टांगलें होतें. सांगाडा बांबूचा, कातडें वर्तमानपत्राचें, आणि सांधे पतंगाच्या मांज्यानें बांधलेले. मुलगा मान खालीं घालून बसला. वडील मात्र उठून म्हणाले, “सर, त्याला रागावूं नका. वाया गेलेल्याच कांबी घेतो तो.”

रागावण्याचा अधिकार त्या ठिकाणीं कोणाचा होता हें निराळें सांगावयास नको. मीं तें विमान खालीं काढून मागितलें आणि दाराबाहेर फेकून पाहिलें. तें दहाबारा पावलें नीट गेलें, मग नाक वर करून थबकलें आणि पडलें. नाकाशीं थोडी माती लावली, पुन्हां फेकलें. आळीच्या टोंकास असलेल्या नळापर्यंत तें गेलें.

या प्रसंगानंतर मीं ठरविलें कीं बाल्सावांचून विमान करावयाचें. आणि पहिल्याच झपाट्यास एक ढोबळ चूक केली. आमच्याजवळ बाल्साच्या विमानाचा जो नकाशा होता तोच घेऊन प्रत्येक बाल्साच्या काडीच्या जागीं तेवढ्याच जाडीची बांबूची काडी घातली. तयार झालेलें यंत्र पाहावयास सुबक होतें. उडण्याच्या बाबतींत मात्र तें नांगराच्या जातीचें निघालें. कारण उघड आहे. बांबू बाल्साच्या सुमारें चौपट जड. पण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें, कारण बाल्साची सारी थोरवी या गणितांत आहे. कोणतीही पट्टी वांकविली असतां तिचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. एकाच वजनांत व एकाच रुंदींत एक मिलिमीटर जाडीची बांबूची पट्टी येईल, किंवा चार मिलिमीटर जाडीची बाल्साची. चाराचा घन चौसष्ट. बांबूचें द्रव्य बाल्सापेक्षां जात्याच चारपांचपट ताठ आहे, म्हणून चौसष्टास पांचानें भागा. तरीही त्याच वजनांत बाल्साची पट्टी बारापट ताठ राहते. बाल्सा बळकट आहे म्हणून विमानास योग्य आहे असें नव्हे. तो हलका असल्यामुळें जाड ठेवतां येतो, आणि जाड असल्यामुळें वांकत नाहीं.

म्हणजे बांबू निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. बाल्साचें सोंग त्याला देऊं नये, इतकेंच. हें मला पुस्तकांतून समजलें नाहीं. त्या मुलाच्या वडिलांनीं समजाविलें. ते म्हणाले, “कांबीला पाठ असते आणि पोट असतें. पाठ ठेवायची, पोट काढून टाकायचें.” बांबूच्या बाहेरील कवचालगत धागे दाट असतात आणि आंतल्या बाजूस ते विरळ होत जातात, हें शास्त्राच्या पुस्तकांतील वाक्य त्यांनीं सुरीनें करून दाखविलें. हिरवी पाठ ठेवून दीड मिलिमीटरापर्यंत तासलेली कांब त्यांनीं दिव्याच्या आंचेवर हळूहळू फिरवून वांकविली, आणि थंड झाल्यावर ती त्याच बांकानें राहिली. बाल्सा असा वांकत नाहीं. तो कापून, जोडून, घासून बांक आणावा लागतो. पंखाची गोल कड, शेपटीची चौकट, चाकांचे पाय, जेथें ओढ बसते किंवा आपट बसते तीं सर्व ठिकाणें बांबूचीं. आडव्या काड्यांऐवजीं तिरक्या ताणाच्या दोऱ्या घालून चौकटीचे त्रिकोण केले कीं थोड्या कांबींत भागतें. वर पतंगाचा कागद पातळ खळीनें चिकटवून पाण्याचा हलका शिपका मारला म्हणजे वाळतांना तो नगाऱ्यासारखा ताणतो. अशा रीतीनें केलेलें आमचें दुसरें विमान त्याच मापाच्या बाल्साच्या विमानाच्या दीडपट वजनाचें भरलें. उडतें थोडें कमी वेळ. पण भिंतीवर आदळलें तर उचलून पुन्हां फेकतां येतें, आणि पहिल्या वर्षाच्या मुलास याहून मोठा गुण कोणता हवा?

कोणी म्हणतील, हा सारा गरिबीचा तोडगा आहे. तर त्यांनीं इतिहास पाहावा. आल्फोन्स पेनो याने १८७१ सालीं पॅरिसच्या त्वीलरी बागेंत रबराच्या पिळानें चालणारें आपलें छोटें विमान अकरा सेकंद उडवून दाखविलें, तेव्हां विमानकाराच्या टेबलावर बाल्सा आलेला नव्हता. १८७८ मध्यें मिल्टन राइट नांवाचे एक धर्मोपदेशक, पुढें ते बिशप म्हणूनच प्रसिद्ध आहेत, प्रवासाहून घरीं येतांना आपल्या दोन मुलांसाठीं एक खेळणें घेऊन आले. बूच, बांबू आणि कागद यांचें केलेलें, रबराच्या पिळानें छताकडे झेपावणारें. मुलांनीं तें मोडेपर्यंत उडविलें आणि मोडल्यावर स्वतः तसेंच करावयास घेतलें. पंचवीस वर्षांनीं, १७ डिसेंबर १९०३ रोजीं, तेच दोघे भाऊ मनुष्यास घेऊन उडाले; तेंही विमान स्प्रूस व ॲश यांच्या लांकडाचें आणि मलमलीसारख्या सुती कापडाचें होतें. ब्राझिलचे सांतोस-द्युमों यांनीं तर पॅरिसांत ‘द्‌म्वाझेल’ नांवाचें जें चिमुकलें विमान केलें, त्याचा सांगाडाच बांबूचा, आणि त्यांत ते स्वतः बसून उडत. मुलांच्या विमानांत बाल्साचा सर्रास शिरकाव १९२० नंतरचा आहे. वाडवडिलांच्या वेळचें म्हणून बाल्साचा अभिमान धरण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

बांबूखेरीज आणखी कांहीं द्रव्यें आम्हीं तपासलीं. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं ज्या पांगाऱ्याचीं होत आलीं आहेत, तो आपल्याकडील फार हलक्या लांकडांपैकीं एक. त्याची हातानें फेकावयाच्या विमानाची अंगकाठी चांगली होते; मात्र धागा भरड असल्यामुळें पातळ पट्टी काढूं जातां ती तुटते, आणि नीट न वाळविल्यास किडे लागतात. बाशिंगें व मखरें ज्याचीं होतात तें भेंड बाल्साहूनही हलकें. नाकाचा गोल ठोकळा कोरण्यास त्यासारखें दुसरें नाहीं, भार सोसण्यास मात्र तें अगदींच कुचकामी. जाड कागदाच्या पेन्सिलीवर गुंडाळून केलेल्या नळ्या आम्हांस अपेक्षेपेक्षां पुष्कळ चांगल्या वाटल्या. कागदाची नळी म्हणजे पुन्हां बाल्साचीच युक्ति: थोडें द्रव्य, दूर ठेवलेलें, मध्यें हवा.

थर्मोकोलविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण त्यावर पालकांचा आक्षेप येणार हें ठाऊक आहे. थर्मोकोल कुजत नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं त्याच्या ताटवाट्या व शोभेचें सामान यांवर बंदी घातली तें योग्यच केलें. विमानासाठीं त्याच्या नव्या फळ्या विकत आणूं नयेत असें माझें मत आहे. परंतु दूरचित्रवाणीसंच किंवा शीतकपाट घरीं येतें तेव्हां त्याच्या खोक्यांतून जे ठोकळे निघतात, ते आधींच आपल्या घरांत आलेले आहेत. उकिरड्यावर जाण्यापूर्वीं त्यांनीं कांहीं दिवस उडावें. नुसता थर्मोकोल विमानास पुरेसा ताठ नाहीं. पण त्याच्या पातळ फळीस वरून व खालून खाकी कागद पांढऱ्या गोंदानें चिकटविला, आणि वजनाखालीं दाबून रात्रभर वाळूं दिला, तर सकाळीं हातांत येणारी फळी पाहून मुलें चकित होतात. ज्या पवनचक्कीच्या पात्यानें आमचा बाल्सा महाग केला, त्याच पात्याची ही युक्ति आहे: हलका गाभा आणि दोन्ही बाजूंस ताण सोसणारें कातडें. दोन सूचना मात्र पाळाव्या. उग्र वासाचे गोंद थर्मोकोलास विरघळवून टाकतात, त्यांस हात लावूं नये. आणि तापलेल्या तारेनें तो कापावयाचा तर उघड्या ओट्यावर, शिक्षकांसमोर. बंद खोलींत तो धूर मुलांनीं घेतां कामा नये.

बाल्साची बरोबरी कशानेंच होत नाहीं अशीं ठिकाणें आहेत, आणि तीं लपविण्यांत अर्थ नाहीं. बंद सभागृहांत उडविण्याचीं स्पर्धेचीं विमानें असतात; त्यांचें वजन रबर सोडून एक-दीड ग्रॅम, आणि तीं हवेंत अर्ध्या तासाच्या आसपास तरंगत राहतात. तेथें बांबूचें नांव काढणें हास्यास्पद होईल. आमचे दोनतीन मोठे विद्यार्थी त्या पायरीपर्यंत आले आहेत, आणि त्यांच्यासाठीं बाल्सा घेतलाच पाहिजे. परंतु सहावीच्या मुलानें पहिलेंच विमान करतांना अर्धी फळी चुकीची कापावी, आणि ती फळी अर्धें जग ओलांडून आलेली असावी, हा व्यवहार मला आतां पटत नाहीं. मीं तो कित्येक वर्षें केला.

आतां त्या सद्‌गृहस्थांच्या सूचनेकडे वळूं. तयार विमान आणून देणें सोपें आहे, आणि पुष्कळदां तें बाल्साच्या सामानापेक्षां स्वस्तही पडतें हें मान्य. पण तें विमान पडलें तर मुलगा तें दुकानांत परत नेतो, किंवा कपाटावर टाकतो. त्याचें नाक जड कां, पंख तिरपा कां, हें त्यास ठाऊक नसतें. जाणून घेण्याचें कारणही पडत नाहीं. तयार विमान ज्यांस घ्यावयाचें त्यांनीं वाढदिवसास अवश्य घ्यावें. शाळेनें तें घेऊन वाटूं नये. आणि ज्या घरीं तें घेतां येत नाहीं त्या घरच्या मुलास मैदानाच्या कडेला उभें करून दुसऱ्यांचीं विमानें पाहावयास लावूं नये. बाल्साची वर्गणी वाढवून आम्हीं नेमकें हेंच केलें होतें, आणि तयार विमानांनीं तेंच पुन्हां होईल. ‘गरीब मुलांस वर्गणी माफ करूं’ असें कोणी सुचवितील. आम्हींही पूर्वीं तसें केलें आहे. परंतु माफी मागावयास येण्यापेक्षां ‘आवड राहिली नाहीं’ असें सांगणें मुलांस सोपें जातें, असा अनुभव आहे.

यासाठीं मुख्याध्यापकांच्या संमतीनें पुढील सहामाहीपासून असें ठरलें आहे कीं, सहावी, सातवी व आठवी यांस विमानवर्गाची वर्गणी नसेल आणि बाल्साही नसेल. बांबू शाळा आणील. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं दर शनिवारीं सकाळीं दोन तास येऊन कांबी काढावयास शिकविण्याचें मान्य केलें आहे. बाल्साच्या खर्चांतून जें वांचेल त्यांतून त्यांस मेहनताना दिला जाईल. प्रथम ते तो घेण्यास तयार नव्हते. फुटबॉलाच्या पंचासही शाळा देते असें सांगितल्यावर कबूल झाले. पालकांकडे विनंति इतकीच कीं, खोक्यांतील थर्मोकोल, जुने पतंग, जाड कागद व मोडक्या छत्र्यांच्या तारा फेकून न देतां शुक्रवारपर्यंत मुलांबरोबर धाडाव्या. तारा प्रथम गंज खरवडून द्याव्या. बाल्साच्या सात फळ्या शिल्लक आहेत. त्या प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेवल्या असून किल्ली त्याच मुलाजवळ आहे. ज्यास फळी पाहिजे असेल त्यानें आपला नकाशा प्रथम त्याला दाखवावा आणि ‘येथें बांबू कां चालणार नाहीं’ याचें उत्तर द्यावें. आजवर तिघांनीं मागितली. त्यानें एकासच दिली.